मांजर म्हणजे म्हैस नव्हे! रॅगडॉलच्या केसांबद्दल थोडं सविस्तर

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातली भाषा तशीच ठेवलीय, फक्त मधले पन्नासएक ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत.)

कोल्हापुरातून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येतोय, तो चालवून घ्या. पंखा बंद केला तर मी पाच मिनिटांत उठून जाईन अशी हवा आहे.

मार्च संपला की माझ्या इनबॉक्समध्ये एकाच प्रश्नाची रांग लागते. राजारामपुरीतून, इचलकरंजीतून, परवा तर बेळगावातून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. प्रश्न तोच: “दादा, ऊन लई वाढलंय. आमच्या रॅगडॉलचे एवढे लांब केस. भादरून घेऊ का?”

हा ‘भादरून’ शब्द ऐकला आणि मला कळलं की प्रश्न नेमका कुठून येतोय. हा प्रश्न म्हशीकडून येतोय! हसू नका, खरंच. आपण म्हशींच्या गावातली माणसं. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिणारी. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी भादरून, तेल लावून चकाचक करतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, कवड्यांच्या माळा घालतात, आणि मालकाच्या मोटरसायकलमागं म्हैस पळते. नाद खुळा. म्हैस भादरली की ती चमकते, गोचीड-उवा दिसतात, अंग पाण्यानं लगेच गार होतं. हे सगळं आपण लहानपणापासून बघितलेलं असतं. मग घरात केसाळ जनावर आलं की डोकं आपोआप म्हणतं, उन्हाळा आला, भादरा.

पण म्हशीची कातडी काळी आणि जाड, अंगावर केस विरळ. तिला ऊन सोसत नाही म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. तिची गार होण्याची पद्धत म्हणजे पाणी आणि चिखल. मांजराचा सगळा मामलाच वेगळा. मांजर पाण्यात बसत नाही. ते अंगभर चाटतं, लाळ वाळताना अंग गार होतं. घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी ते जागा बदलतं. तुमच्या घरात शहाबादी फरशी असेल तर दुपारी दोन वाजता मांजर कुठं आडवं पडतंय बघा. तेवढी गार जागा तुम्हाला एसीवाला पण शोधून देणार नाही.

आणि अंगावरचे केस? ते स्वेटरसारखे फक्त ऊब धरत नाहीत, बाहेरचं ऊनही कातडीपर्यंत येऊ देत नाहीत. पत्र्याच्या घरावर गवत टाकतात ना, तसं. रॅगडॉलची कातडी बहुतेक ठिकाणी गुलाबी, रंगद्रव्य कमी. वस्तरा फिरवून खिडकीत बसवलं तर ते मांजर भाजून निघतं. त्यात मांजराची कातडी कागदासारखी पातळ आणि सैल, मशीनमध्ये चिमटली जाते. केस परत यायला चार-सहा महिने सहज लागतात, आणि कधीकधी आधीसारखा पोत येतच नाही.

आता एक मुद्दा, जो ‘लायन कट’च्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. अख्खं अंग भादरायला मांजर शांत बसत नाही, मग गुंगीचं औषध द्यायची वेळ येते. रॅगडॉल या जातीत हृदयाचा एक आनुवंशिक आजार आढळतो, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या भिंती जाड होत जातात. रॅगडॉलमधला त्याच्याशी जोडलेला जनुकीय बदल २००७ मध्ये शोधला गेला. अडचण अशी की आजार असलेलं मांजर बाहेरून ठणठणीत दिसू शकतं. खातंय, खेळतंय, उड्या मारतंय. आणि गुंगीच्या औषधाचा ताण नेमका हृदयावर येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गुंगी द्यायची तर फक्त पशुवैद्यकानं, छाती तपासून, आणि खरंच कारण असेल तरच. एखादं ग्रूमिंग सेंटर फोनवर म्हणालं की ‘थोडंसं झोपेचं देतो, काय होत नाही’, तर तिथं जाऊ नका. उन्हाळा हे कारण नाही.

भादरणं बरोबर कधी? जटा कातडीला चिकटून बसल्या असतील, बुरशीचा उपचार चालू असेल, म्हातारं मांजर सांधेदुखीमुळं स्वतःला चाटू शकत नसेल. अशा वेळी डॉक्टर सांगतील तेवढं करा. शेपटीखालचे केस थोडे कमी करणं, म्हणजे शी चिकटू नये म्हणून, हे तर चांगलंच.

रॅगडॉल भादरायच्या बाबतीत आणखी एक भन्नाट गोष्ट आहे, आणि यात माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. रॅगडॉलचं पिल्लू जन्मतः जवळजवळ पांढरं असतं. मग हळूहळू कान, तोंड, पाय, शेपूट गडद होतात. असं का? केसांचा रंग बनवणारं त्याचं एन्झाइम तापमानाला संवेदनशील असतं. अंग गरम असेल तिथं ते नीट काम करत नाही, गार भागात करतं. पोट-पाठ गरम म्हणून फिकी, कान-शेपटी गार म्हणून गडद. आईच्या पोटात सगळीकडंच ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. म्हणजे तुमचं मांजर हा चालता-फिरता थर्मल मॅप आहे! आता तुम्ही केस काढले की तेवढी कातडी गार पडते, आणि तिथं येणारे नवीन केस गडद येऊ शकतात. नसबंदीचं ऑपरेशन कुशीतून झालेल्या मांजराच्या कुशीवर कधीकधी चौकोनी गडद डाग दिसतो, तो हाच. पुढच्या केसगळतीत बहुधा जातो, घाबरू नका. पण अख्खी पाठ भादरून पोरगं एसीत ठेवलंत, तर ‘माझ्या मांजराचा रंग का बदलला’ हा मेसेज मला येणार, एवढं नक्की.

बरं, तुमच्याकडं आहे ते रॅगडॉलच आहे का? निळे डोळे आणि तोंडावर गडद मुखवटा एवढं बघून रॅगडॉल म्हणून विकतात. हिमालयन पर्शियनलाही निळे डोळे आणि मुखवटा असतो. मी कागदपत्रांच्या वादात पडत नाही. तुम्ही केसांत बोटं घाला. वरच्या केसांखाली कापसासारखा दाट थर लागला, नाक बसकं असलं, तर पर्शियनची काळजी घ्या, म्हणजे रोज विंचरणं. बोटं रेशमासारखी सरकली, खालचा थर विरळ लागला, तर आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. केसगळतीच्या दिवसांत रोज. नाव काय लावायचं ते लावा, फणी केसांप्रमाणं ठरते.

या जातीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक धोकादायक अफवा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी ॲन बेकर नावाच्या बाईंनी ही जात तयार केली. जोसेफीन नावाची एक पांढरी, लांब केसांची मांजरी, तिची ही पिल्लावळ. उचललं की अंग सैल सोडतात, चिंधीच्या बाहुलीसारखी, म्हणून रॅगडॉल. जोसेफीनला गाडीचा अपघात झाला होता. त्यानंतरच्या पिल्लांना वेदनाच होत नाहीत, असा दावा या बाईंनी केला. तो साफ खोटा आहे. अपघातानं असा गुण पिल्लांत उतरत नाही, आणि रॅगडॉलला कुठल्याही मांजराएवढंच दुखतं. पण अफवा अजून जिवंत आहे. “ओढा हो, त्याला काय कळत नाही,” असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सैल पडणं म्हणजे दुखत नाही असं नव्हे. सॉफ्टवेअरवाल्यांना एका वाक्यात कळेल: एरर दिसत नाही याचा अर्थ सिस्टीम ठीक आहे असा होत नाही, कधीकधी लॉगिंगच बंद असतं.

म्हणून विंचरताना तोंडाकडं नाही, शेपटीच्या टोकाकडं बघा. टोक फटकारायला लागलं, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली, की थांबा. पाच मिनिटं झाली असतील तर पाच मिनिटं. राहिलेलं उद्या. माझ्या बोक्याचं, बत्ताश्याचं, आम्ही सोमवारी पुढचा अर्धा भाग करतो, गुरुवारी मागचा. एका बैठकीत संपवायचंच, असा कुठला स्प्रिंट चालू नाहीये.

साधन एकच घ्यायचं असेल तर स्टीलची फणी घ्या, एका बाजूला दाते विरळ, दुसऱ्या बाजूला दाट. महागडा ब्रश नंतर. बारीक तारांचा ब्रश वरून फिरतो, मांजर फोटोत छान दिसतं, आणि खाली जट तशीच वाढत असते. फणी कातडीपर्यंत जाते, अडकली की लगेच सांगते. ब्लेड असलेली ती केस काढायची अवजारं मात्र रॅगडॉलवर जपूनच, वरचे चांगले केस पण कापली जातात. आणि घरात आज्जीची उवांची फणी असेल तर तिचाही उपयोग आहे. मानेपाशी आणि शेपटीच्या बुडाशी फिरवा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. लालसर तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर तसा रंग सुटत नाही.

जागा लक्षात ठेवा: पुढच्या पायांच्या काखा, कानांमागं, पट्ट्याखालची मान, पोट, आणि मागच्या मांड्यांवरचे ते चड्डीसारखे झुपके. पाठ विंचरून समाधान मानू नका. पाठीवर सहसा गुंता होतच नाही, आणि मांजराला आवडतं म्हणून आपण तिथंच फणी फिरवत बसतो.

गुंता झाला तर बोटांनी, टोकाकडून मुळाकडं सोडवायचा. मुळाशी केस दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरलं तर केस सरकतात. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. आणि कात्री, कृपा करून नको. जटेखालची कातडी तंबूसारखी वर ओढली गेलेली असते. तुम्हाला वाटतं मी केस कापतोय, आणि कात्रीत कातडी असते. ओळखीतल्या एका पोराच्या मांजराला काखेत असंच सहा टाके पडलेत. घट्ट जट मशीननंच काढायची, ती पण अनुभवी हातानं.

जट हा शब्द आपल्याकडं जड आहे, हे मला माहितीय. आपल्या भागात बायकांच्या डोक्यात जट आली की देवीचं बोलावणं म्हणून ती वर्षानुवर्षं वागवली जायची, अंनिसचे कार्यकर्ते समजूत काढून ती कापून देतात. मान ओढली जाणं, खाज, खाली साचलेला ओलावा आणि किडे हे सगळं त्या बायका सांगू तरी शकतात. मांजराच्या काखेतल्या जटेचं तेच होतं. प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते, मांजर उड्या मारायचं कमी करतं, आणि आपण म्हणतो, हा आता शांत झालाय.

अंघोळ. रॅगडॉलला दर आठवड्याला अंघोळ लागत नाही. दोन महिन्यांतून एकदा घातली तरी खूप, काहींना तीही लागत नाही. घालायचीच तर आधी पूर्ण विंचरून घ्या. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घातल्यासारखा. पाणी कोमट. शाम्पू मांजराचाच, कारण आपल्या त्वचेची आम्लता आणि त्यांची वेगळी असते. बाळाचा शाम्पू ‘सौम्य’ असला तरी तो माणसाच्या बाळासाठी सौम्य.

पण खरा प्रश्न अंघोळीचा नाहीच, वाळवण्याचा आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडं मांजर तासाभरात सुकतं. जुलैमध्ये? गगनबावड्याकडून पाऊस जो सुरू होतो, तो जीन्सची पॅंट तीन दिवस दोरीवर ओली ठेवतो. मांजराच्या पोटाचे केस काय वेगळे आहेत? वरून कोरडं वाटतं, मुळाशी दमट राहतं, आणि तिथं बुरशी येते. म्हणून जून ते सप्टेंबर मी तर अंघोळ टाळाच म्हणेन. गॅलरीत भिजून आलं तर सुती टॉवेलनं टिपून घ्या, चोळू नका, आणि ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर लांबून. तुमचा दुसरा हात सतत केसांत असू दे. हाताला गरम लागलं तर मांजराला जास्तच लागतंय.

पावसाळ्यात गोल टक्कल, कोंडा, कानाच्या कडेला खपली दिसली, तर ते गजकर्ण असू शकतं. मांजराचं गजकर्ण माणसाला होतं, लहान पोरांना तर पटकन. इथं आपली सवय आडवी येते. मेडिकलमध्ये जायचं, ‘नायट्याची ट्यूब द्या’ म्हणायचं. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. मांजर तर ती ट्यूब चाटून पोटातच घालणार. डॉक्टरकडं जा, केसाची तपासणी करून घ्या. उपचार काही आठवडे चालतो. तेवढे दिवस तिची फणी, टॉवेल, गादी वेगळी ठेवा, आणि गळलेले केस रोज गोळा करा, कारण बुरशीचे बीजाणू केसांवर बसून घरभर फिरतात.

आता जरा कान देऊन ऐका, कारण यात जीव जातो.

गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावायचं नाही. थेंबभर पण नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते पचवतं, मांजराचं पचवू शकत नाही. काही तासांत थरथर, लाळ, झटके, आणि मृत्यू. ‘कुत्र्याचं आहे, अर्धंच लावतो’ हे गणित चुकीचं आहे. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. चुकून लागलंच, आणि मांजर शुद्धीवर आहे, झटके नाहीत, तर भांडी घासायच्या लिक्विडनं कोमट पाण्यात धुवा आणि टॉवेलमध्ये गुंडाळून थेट दवाखाना गाठा. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. औषधाचं पाकीट बरोबर घ्या, डॉक्टरांना तेच आधी लागतं.

याच यकृतामुळं फरशी पुसायचं फिनाईल, अंघोळीच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक, टी ट्री तेल, निलगिरी, कापूर, हे सगळं मांजराच्या केसांपासून लांब. मांजर केसांवरचं सगळं पोटात घेतं, हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर यादी पाठ करायची गरज नाही. ओल्या फिनाईलवरून चाललं, पंजे चाटले, झालं. आणि जटेखाली जखम झाली, दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल? एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

राहिलेल्या प्रश्नांची पटापट उत्तरं देतो.

“आई म्हणतेय खोबरेल तेल लाव, चमक येईल.” आईंना माझा नमस्कार सांगा, आणि तेलाची बाटली वर ठेवा. तेलावर धूळ बसते, केस चिकटतात, जटा वाढतात. चमक खाण्यातून येते, मांसातून. चपाती-दुधावर वाढलेल्या मांजराला कितीही विंचरा, केस भुरकटच राहतात.

“दूध देऊ का? घरचीच म्हैस आहे.” बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडतं, पातळ होतं, आणि मग त्या मागच्या झुपक्यांना जे होतं ते तुम्हालाच धुवावं लागतं. दूध तुम्ही प्या.

“केसांचा गोळा ओकतंय, नॉर्मल आहे का?” कधीतरी एखादा, ठीक. फणी नियमित चालली की कमी होतो, कारण जेवढे केस फणीत तेवढे पोटात कमी. पण नुसतं ओकाऱ्या काढतंय आणि काहीच पडत नाही, किंवा एक दिवस जेवलंच नाही, तर वाट बघू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून ते वेगळंच आजारपण सुरू होतं. आणि तोंडात जबरदस्तीनं तेल ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

शेवटचा, बेळगावच्या ताईंचा: “मग उन्हाळ्यात करू तरी काय?” ताई, फणी वाढवा, वस्तरा नको. गळलेले केस निघून गेले की राहिलेल्या केसांतून हवा खेळते. पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक मातीचं. पंख्याचा मांजराला आपल्याएवढा उपयोग होत नाही, कारण वाळायला घामच नसतो. त्यापेक्षा दुपारी पडदे ओढा, बाथरूमचं दार उघडं ठेवा, ते जाऊन फरशीवर झोपेल. ओल्या फडक्यानं कान आणि पंजे पुसा. आणि तोंड उघडून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं, तर ती इमर्जन्सी समजा. पंजे-पोटाला साधं पाणी लावा, बर्फ नको, आणि गाडी काढा.

पुढच्या भागात नखं. सोफा वाचवायचाय त्यांनी नक्की या. चला, भेटू.